क्रूझवर स्वतःची बाटली: कोल्हापूर ते केबिन, काय चालतं आणि कुठे अडतं

व्हिस्की, रम, व्होडका, फेणी, बिअर यातलं काहीही सोबत घेऊन क्रूझवर चढू द्यायला जवळपास सगळ्या कंपन्या नकार देतात. वाईन किंवा शॅम्पेनची एखादी बंद बाटली काही कंपन्या चालवून घेतात, काही तीही घेत नाहीत. एवढं उत्तर बहुतेकांना टूरवाल्याकडून मिळतं आणि तिथेच चौकशी थांबते. पण कोल्हापूरहून निघणाऱ्या माणसासाठी जहाज हा शेवटचा नाका आहे. त्याच्या आधी महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे, मग विमान कंपनी, मग ज्या देशातून जहाज सुटतं तिथलं कस्टम्स. जहाज हो म्हणालं म्हणून बाकीचे तिघे हो म्हणत नाहीत. त्यामुळे नियम वाचायचे ते उलट्या क्रमाने: आधी जहाजाचे, मग मागे मागे येत आपल्या दारापर्यंत. जहाजच नाही म्हणत असेल तर पुढची सगळी धावपळ वाचते.

आधी जहाज

तिकिटावर कंपनीचं नाव आणि सुटण्याचं बंदर पाहा. दोन्ही लागतात, कारण एकाच कंपनीचे नियम बंदरानुसार बदलतात. कंपनीच्या साईटवर मद्य किंवा पेयांविषयीचं स्वतंत्र पान असतं. ते उघडून पाच गोष्टी शोधायच्या: कोणतं पेय, किती मिली, माणशी की केबिनला, कोणत्या दिवशी आणि कोणत्या बॅगेत. पानाचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये ठेवा. बुकिंग एजंट ‘एखादी बाटली चालते हो’ म्हणाला तर तेच वाक्य त्याच्याकडून ईमेलवर मागून घ्या. तोंडी शब्द बंदरावर कोणी ऐकत नाही.

मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया बाहेरचं मद्य जहाजावर घेऊ देत नाही, वाईनसुद्धा नाही. एमएससी या कंपनीचंही तसंच आहे. दुबईहून हिवाळ्यात सुटणाऱ्या तिच्या जहाजांवर आपल्याकडचे बरेच लोक जातात, त्यांनी बाटलीचा विचारच सोडावा. म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून बॅलार्ड पिअर गाठणार असाल, तर बॅगेत बाटली ठेवण्याचं काहीच कारण नाही.

रॉयल कॅरिबियन पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची वाईन किंवा शॅम्पेनची एक बंद बाटली आणू देते, तीही फक्त चढण्याच्या दिवशी. सिंगापूरहून जाणाऱ्या मराठी कुटुंबांना बहुतेक वेळा याच नियमाशी गाठ पडते. कार्निव्हलवरही माणशी ७५० मिलीची एकच बाटली; वय २१ पूर्ण हवं आणि बाटली हातातल्या बॅगेत हवी. प्रिन्सेसवर माणशी एक बाटली केबिनमध्ये प्यायची असेल तर वेगळं शुल्क लागत नाही. त्यापेक्षा जास्त आणल्यास प्रत्येक बाटलीला शुल्क. नॉर्वेजियनची पद्धत वेगळी: वाईन आणा, पण चढतानाच ७५० मिलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीला ३० डॉलर भरा. सगळ्यात सढळ नियम अमेरिकेतून सुटणाऱ्या डिस्नेच्या जहाजांवर आहे. तिथे २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला वाईनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन आणता येतात, आणि वाटेतल्या प्रत्येक बंदरावर तेवढेच पुन्हा.

वयाचा मुद्दा नवविवाहित जोडप्यांना हमखास अडतो. रॉयल कॅरिबियनवर अमेरिकेतून निघताना २१, तर सिंगापूरसारख्या आशियाई बंदरातून १८ वर्षं धरतात. दोघांपैकी एकाचं वय कमी असेल तर बाटली एकच नेता येईल.

‘वाईन’ म्हणजे काचेची, कारखान्यातून बंद होऊन आलेली बाटली. खोक्यातली वाईन, कॅनमधली वाईन, घरी केलेली द्राक्षांची किंवा करवंदांची वाईन यातलं काही चालत नाही. बूच काढून पुन्हा लावलेलं असलं तरी नाही.

मित्रमंडळींचा ग्रुप असेल तर प्रत्येकाने आपली बाटली आपल्या हातात धरायची. आठ जणांच्या आठ बाटल्या एकाच्या पिशवीत निघाल्या, तर सुरक्षा कर्मचारी त्या एकाच्या मानतो आणि सात बाजूला काढतो. बाकीचे सात जण मागे रांगेतच आहेत, हे त्या क्षणी त्याला पटवणं कठीण असतं.

हा नियम कशासाठी

बारमधली विक्री हा जहाजाच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे, हे उघड कारण. पण तेवढंच नाही. बारमधला माणूस प्रत्येक पेग कार्डावर नोंदवतो, त्यामुळे कोणी किती घेतली ते कळतं आणि हात आवरता येतो. केबिनमध्ये खंबा फुटला की ती नोंद संपली. समुद्रात रात्री दोन वाजता बाल्कनीच्या कठड्यावर वाकलेला माणूस वाचवायला जहाजावर एक छोटा दवाखाना आणि थोडे डॉक्टर असतात, कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात नेतो तसं कुठे नेता येत नाही. वाईनला सूट आणि व्हिस्कीला नाही, या फरकाचं मूळ यातही आहे.

घरातून निघताना: परमिट आणि बिल

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना, वर्षाचा १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना मिळतो. सौम्य बिअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. दुकानात कोणी विचारत नाही म्हणून परवाना काढायचा राहतो. पण कोल्हापूर ते मुंबई रस्त्यावर गाडी तपासली तर प्रश्न परवान्याचाच येतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाईन अर्ज करून तो काढून ठेवा. वाईन शॉपचं छापील बिल बाटलीसोबत ठेवा, हातानं लिहिलेली चिठ्ठी नको. बाटलीवर ‘फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी’ असा शिक्का आहे का तेही पाहा, म्हणजे ती इथलीच हे दिसतं.

मे महिन्यात निघणार असाल तर बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद डिकीत उष्णता वाढते, आतली वाईन फुगते आणि बूच अर्धा सेंटिमीटर वर येतं. असं वर आलेलं बूच जहाजावरच्या माणसाला ‘उघडून पुन्हा लावलेलं’ वाटतं, आणि वाईनची चवही गेलेली असते. शक्य तर फिरकीच्या झाकणाची बाटली घ्या. नाशिकच्या बऱ्याच वाईन आता तशाच येतात.

विमानात

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई गाठून पुढे परदेशी विमान धरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. घरून आणलेली १०० मिलीपेक्षा मोठी मद्याची बाटली परदेशी विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही. बाटली चेक-इन बॅगेतच जाणार. २४ टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क असलेल्या पेयांना, म्हणजे वाईन आणि बिअरला, धोकादायक वस्तूंच्या नियमात मर्यादा नाही. २४ ते ७० टक्के असेल तर माणशी ५ लिटर, तेही दुकानातल्या मूळ बंद पॅकिंगमध्ये. ७० टक्क्यांवरचं काहीही विमानात चालत नाही.

भरलेली ७५० मिलीची काचेची बाटली साधारण सव्वा किलोची. देशांतर्गत तिकिटावर १५ किलो सामान असेल तर दोन बाटल्यांनी अडीच किलो गेले. बाटली आधी झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग बबल रॅपमध्ये, मग टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध आडवी ठेवा. कडेला किंवा चाकांच्या बाजूला ठेवली तर आपटून मान तुटते, आणि लाल वाईनचा डाग पैठणीवरून जात नाही. बूचस्क्रूही चेक-इन बॅगेतच.

बंदराच्या देशाचं कस्टम्स

सिंगापूरमध्ये १८ वर्षांवरच्या प्रवाशाला शुल्क न भरता एकूण २ लिटर आणता येतं, पण ते २ लिटर वाट्टेल तसे नाहीत. एक लिटर व्हिस्कीसारखं मद्य आणि एक लिटर वाईन किंवा बिअर. किंवा एक लिटर वाईन आणि एक लिटर बिअर. किंवा दोन्ही लिटर वाईन. किंवा दोन्ही बिअर. दोन लिटर व्हिस्की चालत नाही, आणि मुंबईच्या ड्युटी फ्रीमधली ‘दोन घ्या, स्वस्त पडेल’ ही जोडी नेमकी इथे अडते. शिवाय सवलत मिळायला आधीचे ४८ तास सिंगापूरबाहेर असावं लागतं आणि मलेशियातून आलेलं नसावं लागतं. भारतातून थेट जाताना या दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात. परतताना होत नाहीत, ते पुढे पाहू.

दुबईला मुस्लिमेतर आणि २१ वर्षांवरच्या प्रवाशाला ४ लिटर मद्य किंवा २४ कॅनचे दोन बॉक्स बिअर आणता येते. पण तिथून सुटणारं जहाज ते घेत नसेल तर या मोठ्या मर्यादेचा उपयोग फक्त हॉटेलातल्या रात्रीपुरता. मालदीवमध्ये मद्य आणायलाच बंदी आहे, विमानतळावर बाटली काढून ठेवतात. लक्षद्वीपमध्येही बंगाराम बेट सोडलं तर दारूबंदी आहे. तिथे जहाज थांबलं तर किनाऱ्यावर जाताना पिशवीत काही नको.

सिंगापूरच्या क्रूझसाठी सरळ मार्ग एकच सांगावासा वाटतो: वाईन कोल्हापूरहून नेऊच नका. एक दिवस आधी सिंगापूरला पोचत असाल तर तिथल्या सुपरमार्केटमधून प्रत्येकी एक बाटली घ्या. परमिट, डिकीतली उष्णता, विमानातलं वजन आणि कस्टम्स सगळंच वाचतं. फक्त रात्री साडेदहाच्या आत घ्या. साडेदहा ते सकाळी सातपर्यंत तिथे दुकानातून मद्य विकत मिळत नाही आणि सार्वजनिक ठिकाणी पिताही येत नाही. नाशिकचीच वाईन लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायची असं मनात असेल तर ती जरूर न्या, पण वरचे सगळे नाके ध्यानात ठेवून.

बंदरावर: बाटलीची बॅग बदला

सगळ्यात जास्त बाटल्या इथे जातात, आणि त्या नियम मोडून आणलेल्या नसतात. विमानात बाटली मोठ्या बॅगेत ठेवावी लागते आणि जहाजावर चढताना हातातल्या बॅगेत. नियम बरोबर उलटा. लोक विमानातून उतरून हॉटेलात झोपतात, सकाळी तीच मोठी बॅग टर्मिनलच्या दारात हमालाकडे देतात, आणि बाटली तिच्यात तशीच असते.

म्हणून आदल्या रात्री हॉटेलातच बाटली काढून खांद्यावरच्या बॅगेत घ्या. बबल रॅप काढून टाका, लेबल आणि सील दिसू द्या. टर्मिनलमध्ये स्कॅनरच्या पट्ट्याजवळ आलात की बाटली स्वतःहून बाहेर काढून ट्रेमध्ये उभी ठेवा आणि किती जणांची ते सांगा. काही ठिकाणी बाटलीला केबिन नंबरचा टॅग लावून लगेच परत देतात, काही ठिकाणी तिथेच शुल्क कार्डावर लावतात.

मोठ्या बॅगेत राहिलीच तर काय होतं ते माहीत असू द्या. प्रत्येक बॅग एक्स-रेमधून जाते. पडद्यावर काचेच्या बाटलीची मान, खांदे आणि तळाचा खळगा स्पष्ट दिसतो. ती बॅग केबिनकडे न जाता सुरक्षा खोलीत जाते. संध्याकाळी दुसऱ्यांच्या बॅगा दारात येतात, तुमची येत नाही. मग दारावर चिठ्ठी किंवा फोन, मग खालच्या मजल्यावर रांग, आणि अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने कुलूप उघडणं. तोपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते आणि कपडे त्याच बॅगेत. घरातल्या कोणाची रात्रीची औषधं त्या बॅगेत असतील तर गोष्ट फक्त गैरसोयीची राहत नाही. औषधं कायम हातातल्याच बॅगेत ठेवा.

काढून घेतलेली दारू परत मिळेलच असं समजू नका. काही कंपन्या प्रवासाच्या शेवटी देतात, कार्निव्हलसारख्या काही टाकून देतात आणि भरपाई देत नाहीत.

लपवून नेण्याबद्दल

माउथवॉशच्या बाटलीत रंग घातलेली व्होडका, सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये रम, पाण्याच्या बाटलीत जिन आणि वर पुन्हा चिकटवलेलं सील, चपट्या प्लास्टिकच्या पिशव्या: हे सगळं सुरक्षा कर्मचाऱ्यांना पाठ आहे. २०१५ मध्ये कार्निव्हलने बाहेरून बाटलीबंद पाणी आणायलाच बंदी घातली, त्यामागे पाण्याच्या बाटल्यांतून येणारी दारू हे एक कारण होतं. मशीनला आत मद्य आहे हे कळत नाही, पण एका माणसाकडे अर्ध्या लिटरच्या माउथवॉशच्या तीन बाटल्या आहेत हे कळतं. प्लास्टिकच्या पिशव्या विमानात दाबाच्या फरकाने शिवणीतून पाझरतात आणि बॅगेला वास येतो, मग तपासणी नक्की. पकडलं तर बाटली जाते हे कमीत कमी. प्रवाशाच्या वागणुकीच्या नियमाखाली पुढच्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. त्या बंदरातून कोल्हापूरपर्यंतचं ऐनवेळचं विमानभाडं, कदाचित लागणारा व्हिसा आणि बुडालेलं तिकीट यांच्यापुढे एका खंब्याची किंमत काहीच नाही. असा सल्ला देणाऱ्या टूरवाल्याकडून तिकीट घेऊ नका.

जहाजावर घेणंच स्वस्त पडतं का

आणलेली वाईन केबिनमध्ये उघडली तर बहुतेक ठिकाणी शुल्क नाही. रेस्टॉरंटमध्ये नेली तर कॉर्केज लागतो, म्हणजे बाहेरची बाटली उघडून ग्लास देण्याचं शुल्क. कार्निव्हलवर ते बाटलीमागे १५ डॉलर आहे. बाल्कनीची केबिन असेल तर सूर्यास्ताला तिथेच उघडा. ग्लास केबिन कर्मचारी मागितले की देतात.

पेयांच्या पॅकेजचा हिशोब कागदावर करा. समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क धरून ८२.६० डॉलर झाले. कॉकटेल १४ डॉलरचं असेल तर शुल्कासह १६.५२. म्हणजे रोज पाच कॉकटेल घेतली तर बरोबरी, सहाव्यापासून फायदा. ८ डॉलरची बिअर घेणाऱ्याला तीच बरोबरी नवव्या बिअरला येते. आणि ज्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा किनाऱ्यावर फिरणार, त्या दिवशीचेही पैसे भरायचेच. रॉयल कॅरिबियनवर एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या बाकी प्रौढांनाही घ्यावं लागतं. नवरा घेतो आणि बायको फक्त लिंबू सोडा पिते अशा जोडप्याचे चार रात्रींचे ६६० डॉलर जातात, त्यातले निम्मे लिंबू सोड्यावर. अशा वेळी पॅकेज सोडून सुटे पेग घ्या. जेवताना वाईनची बाटली घेतलीत आणि निम्मी उरली, तर वेटरला केबिन नंबर सांगा. ती ठेवून दुसऱ्या रात्री टेबलावर आणून देतात.

आसव-अरिष्टं

द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव या औषधांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेला साधारण ५ ते १२ टक्के मद्यार्क असतो आणि तो लेबलवर छापलेला असतो. काचेची तपकिरी बाटली, आत गडद द्रव, वर मद्यार्काचा आकडा: तपासणाऱ्याला ती दारूच वाटते. ज्येष्ठ मंडळींची बाटली अशी अडली की त्यांना फार ओशाळल्यासारखं होतं. वैद्यांकडून इंग्रजीत, शिक्क्यासह चिठ्ठी घ्या, त्यात औषधाचं नाव आणि रोजची मात्रा असू द्या. मोठी बाटली न नेता प्रवासापुरती लहान बंद बाटली घ्या. पर्यायी गोळी किंवा चूर्ण चालत असेल तर वैद्यांना विचारून तेच न्या. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरलाही हेच लागू.

वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली आणि परतीचा रस्ता

डिस्नेसारखे अपवाद सोडले तर बंदरावर किंवा जहाजाच्याच दुकानात घेतलेलं मद्य केबिनमध्ये देत नाहीत. चढताना टॅग लावून ठेवून घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी किंवा उतरताना देतात. टॅगची पावती पासपोर्टसोबत ठेवा.

मलेशियातलं लंकावी हे शुल्कमुक्त बेट आहे, म्हणून तिथे लोक हौसेने बाटल्या घेतात. जहाज परत सिंगापूरला येतं तेव्हा तुम्ही मलेशियातून आलेले असता, त्यामुळे वर सांगितलेली २ लिटरची सवलत मिळत नाही. त्याच दिवशीचं विमान असलं तरी तुम्ही सिंगापूरच्या हद्दीत उतरलेलेच असता. लाल मार्गाने जाऊन जाहीर करा आणि शुल्क व ९ टक्के जीएसटी भरा, नाहीतर घेऊच नका. भारतासाठीची बाटली सिंगापूरच्या चांगी विमानतळावर इमिग्रेशन झाल्यानंतरच्या ड्युटी फ्रीत घेणं सगळ्यात सुटसुटीत. सीलबंद पिशवी घरापर्यंत फोडू नका. भारतात माणशी २ लिटर शुल्काशिवाय आणता येतं. मुंबईहून कोल्हापूरला येताना ड्युटी फ्रीचं बिल जवळ ठेवा.

आता गोवा. मुंबईहून निघालेल्या काही फेऱ्या मुरगावला संपतात आणि तिथून गाडीने घरी येणं कोल्हापूरकरांना सोयीचं पडतं. गोव्यात मद्य स्वस्त आहे, पण गोवा बनावटीचं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, एक बाटली असली तरी. आंबोली, चंदगड, फोंडाघाट, गगनबावडा या सगळ्या वाटांवर उत्पादन शुल्कची तपासणी असते, आणि मुद्देमालासोबत गाडीही जप्त होऊ शकते. भाड्याची गाडी असेल तर चालकाचा रोजगारही त्यात अडकतो, म्हणून निघण्यापूर्वी ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या बॅगेबद्दल स्पष्ट विचारून घ्या. उरलेली बाटली मुरगावलाच कोणाला तरी देऊन टाका आणि मग गाडी घाटाला लावा.